‘आम्ही’ आणि ‘आपण’ : परक्या रहिवाशाचा न्याय

इंग्रजी भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे; मराठीत ती दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो. ‘आपण’ म्हणताना त्याला आत घेतो. व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारा हा भेद भाषांतरकाराला मात्र पानोपानी अडवतो. इंग्रजी लेखक जेथे संदिग्ध राहू शकतो तेथे मराठी भाषांतरकाराला निर्णय द्यावाच लागतो. परदेशातून येऊन या देशात कायमचे राहिलेल्या लेखकांनी येथील रस्ते, कचेऱ्या, जंगलखाते आणि एकंदर राज्यकारभार यांविषयी जे लिहिले, त्याचे मूल्यमापन करताना हा भेद विशेष उपयोगी पडतो. अशा लेखनाविषयी आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया रूढ आहेत. स्तुती असली की ‘परक्यालाही पटले’ म्हणून ती मिरवावयाची. निंदा असली की ‘परक्याला काय कळते’ म्हणून ती झटकून टाकावयाची. दोन्ही प्रतिक्रियांची नजर लेखकाच्या जन्मस्थानावर असते, लेखनावर नव्हे. वाङ्मयसमीक्षेने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. न्याय देणारा माणूस आपल्याच वाक्यात कोठे उभा आहे, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाच्या दृष्टीने १९६४ हे वर्ष लक्षणीय ठरते. त्या एकाच वर्षी भारताविषयीची दोन इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध झाली. एक व्ही. एस. नायपॉल यांचे ‘ॲन एरिया ऑफ डार्कनेस’ आणि दुसरे व्हेरियर एल्विन यांचे आत्मचरित्र ‘द ट्रायबल वर्ल्ड ऑफ व्हेरियर एल्विन’. नायपॉल त्रिनिदादमध्ये जन्मलेले, परंतु वंशाने भारतीय. एल्विन डोव्हरमध्ये जन्मलेले इंग्रज. वंशाचाच निकष लावावयाचा तर पहिले आपले आणि दुसरे परके ठरतील. पुस्तके वाचली म्हणजे हा निकष टिकत नाही.

नायपॉल १९६२ मध्ये येथे आले आणि सुमारे एक वर्ष राहिले. बंदरावरील सरकारी सोपस्कार, कारकुनांची उदासीनता, उघड्यावरील घाण आणि ती दिसत असूनही न पाहण्याची सवय यांचे त्यांनी केलेले वर्णन बोचरे आहे. ते खोटे मात्र नाही. त्यांची दृष्टी तीक्ष्ण आहे, आणि जेथे ती कामाच्या विभागणीमागील जातिव्यवस्थेपर्यंत पोहोचते तेथे त्यांची टीका प्रवासवर्णनाच्या पातळीवरून वर उठते. तथापि त्यांच्या वाक्यरचनेत दोनच पात्रे वावरतात : ‘मी’ आणि ‘ते’. घाण ‘त्यांची’ आहे, किळस ‘माझी’ आहे. ‘आपण’ म्हणण्याचा प्रसंगच त्या गद्यात येत नाही. आणि ज्याला पुढच्या वर्षी त्या रस्त्यावरून चालावयाचे नाही त्याच्या लेखनात तो येणेही कठीण.

विशेष असे की, या पद्धतीवरचे उत्तर नायपॉल यांच्याच पुस्तकात दडलेले आहे. गांधींना भारत इतका स्पष्ट दिसला तो ते दक्षिण आफ्रिकेत दीर्घकाळ राहून बाहेरच्या माणसाच्या नजरेने परतले म्हणून, असे प्रतिपादन त्यांनी केले आहे. हे निरीक्षण मोलाचे आहे, परंतु ते अर्धे आहे. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रतिनिधींच्या शौचकूपांची दुर्दशा गांधींना दिसली हे खरे. त्यांनी ती स्वयंसेवकांच्या नजरेस आणली आणि हे भंग्याचे काम असे उत्तर मिळाल्यावर झाडू मागून घेऊन स्वतः सफाई केली, हेही तितकेच खरे. बाहेरच्या नजरेने दोष दाखविला. झाडूने त्या दोषाची मालकी पत्करली. नायपॉल यांनी गांधींची नजर ओळखली, परंतु त्यांच्या हातातील झाडूला त्यांच्या विवेचनात फारसे स्थान मिळाले नाही.

नायपॉल यांना महत्त्वाचे उत्तर दिले ते निसीम इझिकेल यांनी, ‘नायपॉल्स इंडिया अँड माइन’ या १९६५ मधील निबंधात. मुंबईच्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजातील या कवीने नायपॉल यांची तथ्ये नाकारली नाहीत. उलट त्यांपैकी पुष्कळशी मान्य केली. त्यांचा आक्षेप होता तो लेखकाच्या अलिप्ततेवर, स्वतःच्या कोंडीपलीकडे न जाणाऱ्या दृष्टीवर. हिंदू समाजाच्या दृष्टीने आपणही एका अर्थी बाहेरचे आहोत, हे इझिकेल यांनी लपविले नाही. म्हणजे हा वाद ‘आतला विरुद्ध बाहेरचा’ असा नव्हताच. बाहेरच्या दोघांपैकी एकाने येथे राहण्याचा निर्णय घेतला होता, दुसऱ्याने नाही. निवास हा येथे भूगोलाचा नव्हे, नीतीचा शब्द ठरतो.

आता एल्विन यांच्याकडे वळावयाचे. १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह ते तेव्हाच्या मध्यप्रांतातील मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहावयास गेले. ‘लीव्ज फ्रॉम द जंगल’ (१९३६) ही त्या वास्तव्याची रोजनिशी. तिच्यात विनोद आहे, जिव्हाळा आहे; परंतु अजून ‘मी’ आणि ‘ते’ यांचाच खेळ आहे. गावातील गैरसोयी तेथे लेखकाच्या विनोदाचा विषय होतात. ‘द बैगा’ (१९३९) या ग्रंथात मात्र सूर पालटतो. बैगांची बेवर पद्धतीची शेती ब्रिटिश अमलातील जंगलखात्याने क्रमाक्रमाने आखडत नेली आणि अखेरीस १८९० मध्ये ‘बैगा चक’ म्हणून राखून ठेवलेल्या मर्यादित क्षेत्रात कोंडली, या इतिहासाकडे एल्विन शासनाच्या फायलींतून पाहत नाहीत. नांगराने धरित्रीमातेचे वक्ष फाडणे पाप मानणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहतात. कारभाराचे माप त्यांनी इंग्लंडहून आणले नाही. ज्यांच्यावर कारभार चालला होता त्यांच्याकडून ते घेतले. परक्या रहिवाशाच्या टीकेत हा बदल घडला म्हणजे तिला प्रथमच अधिकार प्राप्त होतो.

हा अधिकार निर्विवाद होता असे मात्र नाही. याच ग्रंथात बैगांसाठी एक संरक्षित प्रदेश, एक प्रकारचे ‘राष्ट्रीय उद्यान’, असावे अशी सूचना एल्विन यांनी केली होती. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींच्या भवितव्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात अशा अलगतावादाचा कठोर समाचार घेतला. घुर्यांचे म्हणणे, म्हणजे हे समाज हिंदू समाजाचेच मागासलेले घटक होत हे मत, आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. परंतु त्यांच्या टीकेतून निघणारा एक प्रश्न अजून जिवंत आहे : कुंपण कोठे घालावयाचे हे ठरविण्याचा हक्क कोणाचा? एल्विन यांनीही पुढे ती कल्पना सोडून दिली. प्रेमाने सुचविलेले कुंपण आणि जंगलखात्याने घातलेले कुंपण यांत हेतूचे अंतर मोठे असेल. कुंपणातल्या माणसाला मात्र दोन्ही ठिकाणी कोणी विचारलेले नसते.

१९५४ मध्ये एल्विन भारताचे नागरिक झाले, आणि त्याच वर्षी ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे ‘नेफा’च्या, प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून काम पाहू लागले. आजचे अरुणाचल प्रदेश हे राज्य (१९८७) त्याच भूमीवर उभे आहे. टीकाकार आता कारभाराचा भागीदार झाला. ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ हे पुस्तक या भागीदारीतून जन्मले. नेहरूंनी १९५८ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत पाच तत्त्वे सांगितली. अतिरिक्त प्रशासन आणि योजनांची भाऊगर्दी टाळावी, आणि कामाचे मोजमाप आकडेवारीने वा खर्चलेल्या पैशाने न करता माणसाच्या घडणीवरून करावे, ही त्यांतील दोन होत. रस्ता, दवाखाना, शाळा यांना एल्विन यांचा विरोध नव्हता. वाद होता तो गतीचा आणि रीतीचा. त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने ४३ विशेष बहुउद्देशीय आदिवासी विकासगटांची पाहणी करून १९६० मध्ये जो अहवाल दिला त्यातही हीच दृष्टी आहे. भिन्न प्रदेशांवर एकच साचा लादणे, योजनांची संख्या वाढवीत नेणे, या दोषांवर त्याने बोट ठेवले. सरकारी अहवालाच्या रुक्ष गद्यात क्वचितच आढळणारी स्पष्टता तेथे आहे. तिचे कारण उघड आहे. दोष दाखविणाऱ्याला तो दोष आता ‘त्यांचा’ म्हणून दूर सारता येत नव्हता.

येथे भाषांतरकाराची अडचण पुन्हा समोर येते. ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’मधील प्रथमपुरुषी अनेकवचन मराठीत कसे आणावयाचे? पुस्तक प्रामुख्याने अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. तेव्हा ‘आपण’ हेच योग्य, असे प्रथम वाटते. परंतु तेच वाक्य एखाद्या आदी किंवा मोनपा वाचकापुढे ठेवले तर त्याचा ‘आपण’ क्षणात ‘आम्ही’ होतो : आम्ही, म्हणजे तुमच्याविषयी निर्णय घेणारे. एल्विन भारतीय राज्यसंस्थेच्या आत आले, पण ज्यांच्यासाठी आले ते त्या सर्वनामाबाहेरच राहिले. १९६२ मध्ये चिनी सैन्य नेफात उतरले तेव्हा ही उणीव उघडी पडली. प्रदेश वेगळा ठेवला, दळणवळण वाढू दिले नाही, असा ठपका एल्विन यांच्या धोरणावर आला. त्यानंतर रस्ते झपाट्याने झाले ते मुख्यतः लष्कराच्या गरजेसाठी. वाद अलगतेचा की सामिलीकरणाचा असा रंगला. परंतु रस्ता कोणासाठी आणि कोठून, हे त्या डोंगरातील माणसाला विचारावे, हा मुद्दा दोन्ही पक्षांच्या ‘आम्ही’त मावला नाही. आत्मचरित्रातील नेफाविषयक प्रकरणे वाचताना एक उणेपणा जाणवतो तोही यामुळेच. सहकाऱ्यांविषयीच्या कृतज्ञतेत टीकेची धार तेथे मवाळ झाली आहे. भागीदारीने न्यायाला अधिकार दिला, आणि तिनेच त्याला संकोचही शिकविला.

हा संकोच अपरिहार्य आहे काय? जे. बी. एस. हाल्डेन यांचे उदाहरण नकारार्थी उत्तर देते. १९५७ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले, आणि त्याच वर्षी त्या संस्थेतून बाहेर पडले. पुढे भुवनेश्वर येथे, १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी आनुवंशिकीचे काम केले. त्यांना कोणी ‘विश्वनागरिक’ म्हटले तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : आपल्या शासनाला उपद्रव देणे हे नागरिकाचे एक मुख्य कर्तव्य आहे, जागतिक शासन अस्तित्वात नसल्यामुळे तेथे ते पार पाडता येत नाही, भारत सरकारच्या बाबतीत मात्र येते, आणि हे सरकार टीका सहन करते, जरी तिला प्रतिसाद सावकाश देते. भारतातील वैज्ञानिक संशोधनाच्या कारभारावर त्यांनी कठोर लिहिले ते याच हक्काने. एल्विन यांनी नागरिकत्वाचा अर्थ सेवा असा घेतला, हाल्डेन यांनी उपद्रव असा. खरे पाहता दोन्ही अर्थ एकाच शब्दाचे आहेत. एकाशिवाय दुसरा लंगडा पडतो.

तिसरा मार्ग लॉरी बेकर यांचा. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेल्या या वास्तुशिल्पज्ञाने पिथोरागढच्या डोंगरात आणि नंतर केरळात आयुष्य वेचले. १९८९ मध्ये भारताचे नागरिकत्व मिळविले. सिमेंट, पोलाद आणि काच यांच्या सरकारी सोसापायी घरे गरिबाच्या आवाक्याबाहेर जातात, ही त्यांची टीका मुख्यतः विटांतून व्यक्त झाली. तिरुअनंतपुरमजवळील उळ्ळूर येथील विकास अध्ययन केंद्राच्या इमारती हा तिचा मोठा दाखला. त्यांच्या छोट्या सचित्र पुस्तिकांतील सर्वनाम मात्र वेगळेच आहे. तेथे ‘आम्ही’ही नाही, ‘आपण’ही नाही; तेथे ‘तुम्ही’ आहे, आणि ते घर बांधू पाहणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. भिंत तुमची, खर्च तुमचा, म्हणून निर्णयही तुमचा, असे ते गद्य सुचविते. नेफाच्या पुस्तकात जो ऐकणारा बाहेर राहिला होता तो बेकर यांच्या पानावर समोर बसला आहे. वाङ्मयगुणांच्या दृष्टीने या पुस्तिका साध्या म्हणाव्या लागतील. परंतु टीकेच्या इतिहासात त्यांचे स्थान साधे नाही.

या लेखकांच्या तुलनेतून निघणारा निकष भावनेचा नाही, तसा तो पारपत्राचाही नाही. कठोर असल्यामुळे परक्याची टीका खोटी ठरत नाही, आणि प्रेमळ असल्यामुळे ती खरी होत नाही. ती कोणाचे माप वापरते, तिच्या परिणामांत लेखक स्वतः राहणार आहे काय, आणि ज्याच्या दाराशी तो रस्ता जाणार त्याला तिच्या सर्वनामात जागा आहे काय, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. एल्विन यांच्या आत्मचरित्राला १९६५ मध्ये, मरणोत्तर, साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा भारतीय साहित्याच्या व्याख्येने जन्मस्थानाची अट ओलांडली. ते योग्यच झाले. परंतु हाच निकष देशात जन्मलेल्यांनाही लागू करावयास हवा. आपल्याच देशातील दुर्गम तालुक्याविषयी राजधानीत बसून ‘आपण’ असे लिहिणाऱ्या लेखकाचे सर्वनाम त्या तालुक्यात वाचले असता ‘आम्ही’ होते की नाही, हे तपासण्याचे काम एका भाषेतून दुसऱ्या भाषेत वाक्य नेणाऱ्याइतके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येते.