माशेंचं जाळं

वारली चित्रकार जिव्या सोमा माशे यांच्या मासेमारीच्या चित्रांत आधी नजरेत भरतं ते जाळं, माणसं नंतर दिसतात. शेणाने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रेघांचं ते जाळं जवळजवळ सगळी जागा व्यापून टाकतं. जवळ जाऊन बघावं. रेघा कुठे ताणलेल्या, कुठे एकमेकींना खेटून दाटलेल्या आहेत. सावलीचा एक फटकारा नाही, तरी जाळ्याला झोळ येतो, खालचं पाणी जाणवतं. केवळ रेघ दाट-विरळ करून हे साधणारा हात विलक्षण आहे.

या चित्रांशेजारी वस्तूंची दुसरी एक चित्रनोंद ठेवून पाहावी. अमेरिकेत १९३५ साली, मंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना सरकारने लोककलेच्या जुन्या वस्तू जलरंगात उतरवण्याचं काम दिलं. गोधड्या, खेळणी, मातीची भांडी, वाऱ्याची दिशा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे अशी सुमारे १८ हजार चित्रं झाली. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. भांड्यावरची झिलई, गोधडीचा टाका न् टाका त्यांत दिसतो. त्या चिकाटीला दाद द्यायलाच हवी. पण बहुतेक वस्तू कोऱ्या कागदावर एकट्या असतात. माशेंच्या चित्रात जाळ्यासोबत ते टाकणारा आहे, मासळी आहे. जाळं कशाने विणलं हे तिथे कळत नाही. ते पाण्यात काय करतं, हे मात्र पक्कं कळतं. मला ही नोंद अधिक पूर्ण वाटते.

वारल्यांत लग्नघराच्या भिंतीवर लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत, त्यात पालघट देवी असे. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन आले आणि गंजाडच्या माशेंनी लग्नघराच्या भिंतीबाहेरचं सगळं जग त्यावर आणलं. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

आज बोईसर-तारापूरला कारखाने आहेत, अणुवीज केंद्र आहे, आणि त्याच पट्ट्यात वारल्यांचे पाडेही आहेत. दुधीभोपळ्याचा तारपा, भाताची कणगी, पावसातलं इरलं यांचे फोटो कुणीही काढील. पण तारपा वाजवणाऱ्याभोवती नाच कसा वळतो, कणगी कशी भरतात, हे तिथल्या वारली चित्रकारांनाच ठाऊक. हे जगणं बदलून जाण्याआधी पालघर जिल्ह्याने या सगळ्याची चित्रनोंद या चित्रकारांच्याच हातून, रीतसर मोबदला देऊन, आत्ताच करून घ्यावी.