कन्सोलचे कुलूप आणि नोंदणीची कसोटी : लिनक्स कर्नेलमधील काही संज्ञांची समीक्षा

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, हे यंत्राने चालवावयाचे लेखन आहे; परंतु ते माणसांनी माणसांसाठी केलेले लेखनही आहे. यंत्राला फंक्शनच्या नावाशी कर्तव्य नसते. एका नावाच्या जागी दुसरे नाव सर्वत्र सारखेच घातले, तर कंपायलर पूर्वीचेच आदेश निर्माण करील. नाव वाचतो तो पुढचा प्रोग्रामर, आणि त्या नावावर विश्वास ठेवून तो आपले वाक्य रचतो. म्हणून कर्नेलमधील संज्ञांचे परीक्षण हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकालाही वर्ज्य विषय नव्हे. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नेलच्या कन्सोल-विभागातील कुलूप आणि नोंदणी या दोन कल्पनांपुरता विचार करावयाचा आहे.

या विभागाचे महत्त्व प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कर्नेलला जे सांगावयाचे असते ते तो 'प्रिंटके' या फंक्शनच्या द्वारे सांगतो. तो मजकूर आधी स्मृतीतील एका रिंग बफरमध्ये जातो आणि तेथून नोंदवलेल्या प्रत्येक कन्सोलवर, म्हणजे पडद्यावर, सिरियल तारेवर अथवा नेटवर्कवर, उमटतो. हे उमटवण्याचे काम करणारा तो कन्सोल ड्रायव्हर. यंत्र सुरळीत चालू असताना या मजकुराकडे फारसे कोणी पाहत नाही. परंतु यंत्र कोसळते तेव्हा ते का कोसळले हे सांगणारा बहुधा हाच एक साक्षीदार असतो. कन्सोलच्या कुलुपात चूक झाली, तर ही अखेरची साक्षच हरवते. क्वचित साक्ष देण्याच्या खटपटीतच यंत्र अडकून पडते.

पहिला आक्षेप 'कन्सोल लॉक' या नावाविषयीच आहे. या एका नावाखाली दीर्घकाळ निदान तीन जबाबदाऱ्या एकत्र नांदत होत्या. नोंदवलेल्या कन्सोलांच्या यादीचे रक्षण करणे, एका वेळी एकानेच छापावे ही शिस्त राखणे, आणि आभासी टर्मिनल व फ्रेमबफर यांच्या अंतर्गत स्थितीचे रक्षण करणे, अशा त्या तीन होत. प्रत्यक्षात हे कुलूप म्हणजे एक सेमाफोर होय. एखादे फंक्शन ते लावते, तेव्हा त्याला तिघांपैकी कशाची गरज आहे हे त्या ओळीवरून कळत नाही. एक शब्द अनेकार्थी असणे हा व्यवहारभाषेत दोष नाही, कारण तेथे संदर्भ अर्थ निवडतो. कुलुपाच्या बाबतीत संदर्भाला ती सोय नाही. कुलूप लागले की तिन्ही अर्थ एकदम लागू होतात, आणि केवळ यादी वाचू इच्छिणारा मनुष्य छपाईही रोखून धरतो.

'कन्सोल अनलॉक' या जोडीदार नावाचा दोष याहून गंभीर आहे. कुलूप काढणे ही सुटकेची, हलकी क्रिया आहे असे नाव सुचवते. प्रत्यक्षात कुलूप अडकलेले असताना बफरमध्ये जो मजकूर साचला असेल, तो सर्व छापूनच हे फंक्शन कुलूप सोडते. फंक्शनच्या माथ्यावरील टिपणीत हे स्पष्ट सांगितले आहे, हे खरे; परंतु नाव शंभर ठिकाणी वाचले जाते आणि टिपणी एका ठिकाणी. याची किंमत मोजता येते. ९६०० बॉडच्या सिरियल तारेवर, प्रत्येक अक्षरास दहा बिट धरले, तर सेकंदास ९६० अक्षरे जातात. शंभर अक्षरांच्या एका ओळीस १०४ मिलिसेकंद लागतात, आणि अशा शंभर ओळी साचल्या असतील तर दहा सेकंदांहून अधिक काळ जातो. केवळ कुलूप काढावयास गेलेल्या बिचाऱ्या कार्याला हा सर्व भार उचलावा लागतो. त्यात इतर प्रोसेसर नवे संदेश घालीत राहिले, तर त्याच्या सुटकेला अंतच राहत नाही. २०१८ मध्ये स्टीव्हन रॉस्टेड्ट यांच्या योजनेने, कुलुपासाठी थांबलेल्या दुसऱ्या प्रोसेसरकडे छपाईचे काम मध्येच सोपवण्याची सोय झाली. भार वाटला गेला. नाव मात्र जसेच्या तसे राहिले.

दुसरा आक्षेप तपासणीच्या व्याकरणाचा आहे. टर्मिनलच्या कोडमध्ये ठिकठिकाणी 'कुलूप लागलेले आहे ना?' अशी विचारणा होते आणि तसे नसल्यास इशारा दिला जातो. हा प्रश्न विचारणाऱ्या फंक्शनचे नाव 'इज कन्सोल लॉक्ड' असे आहे. मराठीत 'दाराला कुलूप लावलेले आहे' या वाक्यात कुलूप लावणारा कोण हे सांगितलेले नसते. 'मी दाराला कुलूप लावले आहे' यात ते सांगितलेले असते. पहिल्या वाक्यात केवळ स्थिती आहे. दुसऱ्यात कर्ता आहे. कर्नेलमधील हा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे. दुसऱ्या प्रोसेसरवरील एखाद्या कार्याने कुलूप लावले असेल, तर ज्याने ते लावलेले नाही त्यालाही 'होय' असेच उत्तर मिळते आणि तो निर्धास्तपणे आत शिरतो. वस्तुतः त्याला विचारावयाचे होते ते 'कुलूप माझ्याजवळ आहे का?' हे. कुलूप आपल्याच हाती आहे की नाही हे या साधनाने कळत नाही, अशी कबुली त्या चलाजवळच्या टिपणीत लेखकानेच देऊन ठेवली आहे. हा प्रांजळपणा स्तुत्य आहे. पण प्रश्न चुकीचा असेल तर प्रांजळपणाने उत्तर बरोबर होत नाही.

तिसरा आक्षेप नोंदणीच्या कसोटीचा असून, सुधारणेचा सर्वांत बोधप्रद नमुनाही येथेच सापडतो. प्रत्येक कन्सोलाबरोबर काही फ्लॅग, म्हणजे एकेका बिटाच्या निशाण्या, ठेवलेल्या असतात. त्यांपैकी 'एनेबल्ड' या निशाणीचा अर्थ कन्सोल छापण्यास सिद्ध आहे एवढाच. तथापि अनेक ड्रायव्हर तीच पाहून कन्सोल नोंदवलेला आहे असे ठरवीत. या दोन गोष्टी दोन्ही बाजूंनी वेगळ्या पडतात. काही ड्रायव्हर ही निशाणी नोंदणीच्या आधीच, रचनेच्या व्याख्येत, उभारून ठेवीत; तेथे निशाणी होती पण नोंदणी नव्हती. उलट यंत्र निद्रिस्त होताना सिरियल कन्सोल थांबवला जाई आणि निशाणी उतरवली जाई. तेथे नोंदणी होती पण निशाणी नव्हती. नेटवर्कवर संदेश धाडणाऱ्या 'नेटकन्सोल' या ड्रायव्हरमध्ये तर हीच एक निशाणी 'नोंदवावयाचा आहे' आणि 'नोंदवलेला आहे' या दोन्ही अर्थांनी वापरली जात होती. विध्यर्थ आणि पूर्ण भूतकाळ यांना एकच प्रत्यय लावावा, तसा हा प्रकार होता.

जॉन ओग्नेस यांनी २०२२ मध्ये सिद्ध केलेल्या आणि फेब्रुवारी २०२३ मधील ६.२ या आवृत्तीत समाविष्ट झालेल्या बदलांनी हा गुंता बराच सोडवला. यादीच्या रक्षणासाठी 'कन्सोल लिस्ट लॉक' हे स्वतंत्र कुलूप आले. यादी केवळ वाचणाऱ्यांसाठी एसआरसीयू ही पद्धत आली. तीत वाचक कुलपासाठी थांबत नाही. यादीतून काढणाराच, आधीपासून वाचत असलेले सर्वजण बाहेर पडेपर्यंत थांबतो. आणि नोंदणी विचारण्यासाठी 'कन्सोल इज रजिस्टर्ड' हे फंक्शन आले. ते निशाणी पाहत नाही; कन्सोल यादीत आहे की नाही हेच पाहते. सिरियल विभागातील ज्या साहाय्यक फंक्शनच्या नावात 'एनेबल्ड' होते, त्याच्या जागी 'रजिस्टर्ड' असे नाव असलेले फंक्शन आले. शब्दाची दुरुस्ती आणि तर्काची दुरुस्ती येथे एकाच वेळी झाली, ही लक्षणीय गोष्ट आहे.

या नव्या प्रश्नाच्या उत्तराचेही बारकाईने वाचन केले पाहिजे. हे फंक्शन यादीचे कुलूप घेते, पाहते आणि कुलूप सोडून उत्तर देते. म्हणून 'होय' हे उत्तर पाहण्याच्या क्षणापुरतेच खरे आहे. पुढच्याच क्षणी कोणी नोंदणी रद्द करू शकेल. ज्याला ते उत्तर आपली कृती संपेपर्यंत खरे राहावयास हवे, त्याने यादीचे कुलूप स्वतः धरून याच प्रश्नाचे दुसरे रूप वापरावे लागते, आणि त्या रूपात विचारणाऱ्याच्याच हाती कुलूप आहे ना, याची तपासणी अंतर्भूत करता येते. 'नाही' या उत्तराचे वजन मात्र अधिक आहे. नोंदणी रद्द करण्याची सर्व प्रक्रिया यादीच्या कुलपाखाली चालत असल्यामुळे, पूर्वी नोंदवलेल्या कन्सोलाविषयी 'नाही' असे उत्तर मिळाले तर ती प्रक्रिया पूर्ण झाली असे मानता येते. होकार क्षणिक आणि नकार भक्कम, अशी ही विषम योजना आहे. आणि ती टिपणीत नोंदलेली आहे हे योग्यच झाले.

येथे एक पूर्वपक्ष संभवतो. पारिभाषिक संज्ञेने व्यवहारातील अर्थ पाळलाच पाहिजे असे कोठे आहे? पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच सूत्रात 'वृद्धि' ही संज्ञा आ, ऐ आणि औ या स्वरांना दिली. वाढण्याच्या लौकिक अर्थाशी तिचे कार्य बांधलेले नाही, आणि त्यामुळे शास्त्राचे काही अडले नाही. मग 'अनलॉक' म्हणजे 'छापून मग सोडणे' अशी व्याख्या मानून का चालू नये? या पूर्वपक्षाचे उत्तर त्याच उदाहरणात आहे. पाणिनीची संज्ञा आधी बांधली जाते आणि मग शास्त्रभर त्या बंधनात राहते. 'एनेबल्ड' ही संज्ञा एका ड्रायव्हरमध्ये सिद्धता सांगे, दुसऱ्यात नोंदणी आणि तिसऱ्यात केवळ नोंदणीचा हेतू. लौकिक अर्थ सोडणे हा दोष नव्हे. बांधलेला अर्थ न पाळणे हा दोष होय.

सुधारणा अपुरी आहे, हेही सांगितले पाहिजे. 'कन्सोल लॉक' हे नाव आणि टर्मिनलच्या कोडचे त्यावरील अवलंबन अद्याप शिल्लक आहे. कर्नेल संकटात असताना लागू होणारा अपवादही जुन्या ड्रायव्हरांमध्ये विखुरलेला आहे. सर्वत्र आढळणाऱ्या ८२५० जातीच्या सिरियल ड्रायव्हरच्या जुन्या छपाई-फंक्शनमध्ये संकटकाळी पोर्टाचे कुलूप घेण्याचा केवळ प्रयत्न होतो. तो फसला तरी छपाई पुढे चालते. साक्ष हरवू नये म्हणून नियम मोडणे समजण्याजोगे आहे. परंतु नियम मोडला गेला याची नोंद कोठेही राहत नाही.

या दृष्टीने 'एनबीकॉन' या नावाने आलेली नवी रचना मला अधिक मोलाची वाटते. तीत प्रत्येक कन्सोलाची मालकी स्वतंत्र असते. मालक कोणता प्रोसेसर, त्याचा अग्रक्रम साधा, आणीबाणीचा की अखेरचा, आणि तो या क्षणी अशा कामात आहे काय की ज्यात त्याला हटवणे धोक्याचे ठरेल, हे सर्व कन्सोलाच्या स्थितीतच लिहिलेले असते. वरच्या अग्रक्रमाचा प्रोसेसर मालकी मागू शकतो. अखेरच्या प्रसंगी ती बळाने घेऊही शकतो, पण तसे घडल्याची खूण मागे राहते. जुन्या प्रश्नातून गळालेला कर्ता येथे वाक्यात परत आला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तत्काल प्रतिसादाची 'प्रीएम्प्ट-आरटी' ही बांधणी मुख्य लिनक्समध्ये सामील झाली आणि नोव्हेंबरमधील ६.१२ या आवृत्तीत ती प्रसिद्ध झाली. तिच्या मार्गातील शेवटच्या अडथळ्यांत छपाईच्या याच विभागाची गणना होत होती.

आपल्या विद्यार्थ्यांनी हे कोड वाचावे ते केवळ तंत्र शिकण्यासाठी नव्हे. कुलूप लागले आहे काय, ते माझ्याजवळ आहे काय, वस्तू सिद्ध आहे काय आणि ती नोंदलेली आहे काय, हे चार वेगळे प्रश्न आहेत. ते एकाच शब्दाने विचारले गेले, म्हणून अनुभवी लोकांच्या हातूनही वर्षानुवर्षे सदोष कोड लिहिले गेले. या विभागाची सुधारणा नव्या युक्त्यांइतकीच प्रश्न वेगळे करण्याने झाली, आणि जेथे ते अद्याप वेगळे झालेले नाहीत तेथे काम उरलेले आहे.