ब्राउनिंगचा एप्रिल आणि आपला वसंत

रॉबर्ट ब्राउनिंगची 'होम-थॉट्स, फ्रॉम अब्रॉड' ही वीस ओळींची कविता १८४५ साली प्रसिद्ध झाली. तोपर्यंत कवीचे इटलीचे दोन प्रवास झाले होते. परदेशी असलेल्या माणसाला मायदेशीच्या एप्रिलची आठवण होते, एवढाच या कवितेचा विषय. इंग्रजी कवितांच्या शालेय संग्रहांत ती वारंवार आढळते आणि अशा कवितांच्या वाट्याला येणारे दुर्दैव तिच्याही वाट्याला आले आहे: ती पाठ असते, पण वाचलेली नसते. देशप्रेमाची गोड कविता म्हणून तिची बोळवण होते. मराठीत आणू पाहणाऱ्याला मात्र ती पहिल्याच पावलाला अडवते आणि या अडवण्यातूनच तिचे खरे स्वरूप कळू लागते.

अडचण 'वसंत' या शब्दाची आहे. इंग्रजीतील 'स्प्रिंग'ला मराठीत वसंत म्हणण्याची रीत इतकी रूढ आहे की, त्यात काही चुकते आहे अशी शंकाही येत नाही. परंतु वसंत हा शब्द एकटा येत नाही. त्याच्यामागून मदन येतो, आम्रमंजरी येते, कोकिळ येतो, मलयानिल येतो. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात शिवाच्या तपोवनात अवेळी अवतरणारा वसंत हा मदनाचा सखा म्हणूनच अवतरतो. या सगळ्या लवाजम्यासह तो विरही माणसाच्या दाराशी उभा राहतो आणि त्याचे दुःख वाढवतो. म्हणजे आपल्या परंपरेत वसंत हजर असतो आणि प्रिय व्यक्ती दूर असते. ब्राउनिंगच्या कवितेत दूर आहे तो वसंतच. तेथे प्रियकर-प्रेयसी नाहीत, कुणाची भेट ठरलेली नाही, कुणी वाट पाहत नाही. उद्दीपन-विभाव म्हणून ज्याची जागा ठरून गेली आहे, तोच येथे आलंबन झाला आहे. 'वसंत' असे लिहून भाषांतरकार ही उलथापालथ नकळत पुसून टाकतो.

विरहाच्या अंगाने पाहिले तर या कवितेचे नाते वसंतवर्णनांपेक्षा मेघदूताशी अधिक जुळते. रामगिरीवरचा यक्षही परदेशस्थच आहे. (रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, ही समजूत विदर्भात तरी कोणी सोडणार नाही.) तोही आठवणीत घराची खूण सांगतो आणि ती झाडांवरून सांगतो: पत्नीने मुलासारखा वाढवलेला कोवळा मंदार, क्रीडाशैलावरचे अशोक आणि बकुळ. ब्राउनिंगलाही आठवते ते कुंपणातून शेताकडे झुकलेले, फुलांनी भरलेले पेअरचे झाड. घराकडे नेणारी वाट दोघांच्याही मनात झाडांवरूनच जाते.

मात्र येथेच दोघांच्या स्मृतीतला भेदही उघड होतो. यक्षाच्या अलकेत सर्व ऋतूंची फुले एकाच वेळी फुललेली असतात. तेथील स्त्रिया कुंद, लोध्र, कुरबक, शिरीष आणि कदंब एकाच शृंगारात माळतात. आठवलेल्या नगरीतून कालिदासाने काळच काढून टाकला आहे. ब्राउनिंगची स्मृती दिनदर्शिका सोडत नाही. आधी एल्मच्या बुंध्याभोवतीच्या झुडपी फुटव्याला बारीक पाने येतात आणि फळबागेत चॅफिंच पक्षी गातो. मग एप्रिल सरून मे येतो, व्हाइटथ्रोट घरटे बांधतो, पाकोळ्या येतात. हे सर्व तो भूतकाळात सांगत नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. पहिल्या कडव्यात ओळी लहानापासून लांब होत जातात आणि शेवटची ओळ एकदम आखूड होऊन वर्तमानकाळाच्या क्रियाविशेषणावर थांबते. लहानपणी कसे होते, हे तो आठवत नाही. या क्षणी तेथे काय चालले असेल, याचा तो अचूक हिशेब करतो. परदेशस्थाची पीडा ही अशी असते. आपल्यावाचून तेथील ऋतू अडून राहत नाही, हे त्याला ठाऊक असते. आणि तेथे असणाऱ्यांना तो ऋतू न्याहाळण्याचे भानही नसते, हेही ठाऊक असते.

मग भाषांतरकाराने काय करावे? एक मोहक उपाय समोर दिसतो. लांबलेल्या हिवाळ्यानंतर इंग्लंडात जो सुटकेचा आनंद एप्रिल आणतो, तो महाराष्ट्रात चैत्र आणत नाही. तो पाऊस आणतो. आपल्याकडे पळस आणि पांगारा फुलतात ते पानगळ झालेल्या फांद्यांवर, वाढत्या उन्हात. पुढे वैशाखाचा वणवा उभाच असतो. ऊन आणि सरी यांचा तो लपंडाव, ते कोवळे हिरवेपण आपल्याला श्रावणात भेटते. बालकवींना 'श्रावणमास' लिहावासा वाटला यात नवल नाही. इंग्रजी कवींच्या एप्रिलचा मराठी भाऊ तोच आहे. तेव्हा एप्रिलच्या जागी श्रावण बसवावा असे कोणी म्हणेल. गेल्या शतकातील पुष्कळ रूपांतरे याच वाटेने गेली आणि त्यांतली काही वाचनीयही झाली. परंतु या कवितेपुरता हा मार्ग घातक आहे. एप्रिलचा श्रावण केला की वाचक आपल्या अंगणात परत येतो. ज्या कवितेचा सारा अर्थ परकेपणात आहे, तिच्यातले परकेपणच निघून जाते.

एप्रिल हा एप्रिलच ठेवावा, हेच योग्य वाटते. मराठी कानाला या महिन्याच्या नावाबरोबर परीक्षा, घामोळे आणि आटलेल्या विहिरी आठवतात, हे खरे. आठवू द्यावे. आपल्या एप्रिलला कंटाळलेल्या वाचकाला दुसऱ्या एका एप्रिलसाठी झुरणारा माणूस भेटला, तर त्यातून उमटणारी विसंगती कवितेला मारक नाही. पक्ष्यांची नावेही शक्यतो तशीच राहावीत. 'थ्रश'ला कस्तुर म्हणण्याची सोय आहे, पण सह्याद्रीतला शीळ घालणारा कस्तुर ऐन पावसात गातो आणि हा नावापुरता चुलत पक्षी ओळीत शिरला की एप्रिल पुन्हा आषाढ होऊ लागतो. शिवाय प्रत्येक तान दोनदा गाणे हा इंग्लंडातल्या थ्रशचा स्वभाव आहे. ती निरीक्षकाची नोंद आहे. तिला कवीने जोडलेले कारण मात्र परदेशस्थाचे आहे. एकदा लाभलेला आनंद केवळ योगायोग नव्हता, तो पुन्हा हाती येऊ शकतो, याची हमी तो पक्ष्याकडून मागून घेतो.

कवितेच्या शेवटी परदेशाला मिळालेले स्थान मराठी वाचकाला खटकल्यावाचून राहू नये. कवी जेथे आहे त्या भूमीचे नावही येत नाही; येते ते फक्त खरबुजाचे भडक फूल आणि तेही इंग्लंडातल्या साध्या बटरकपपुढे उणे ठरवण्यासाठी. भीमेच्या किंवा गोदेच्या वाळूत उन्हाळ्यात पसरणारे वेल आणि त्यांची पिवळी फुले ज्याने पाहिली आहेत, तो या तुलनेत आपोआप खरबुजाच्या बाजूस उभा राहतो. हिंदुस्थानातील कित्येक पिढ्यांनी वर्गात बसून ही ओढ तोंडपाठ केली. न पाहिलेल्या बटरकपसाठी झुरताना घराजवळच्या फुलाला कमी लेखले जात आहे, हे त्यांना कोणी दाखवले नाही. भाषांतरात हे 'भडक' विशेषण सौम्य करण्याचा मोह टाळला पाहिजे. परदेशस्थ न्यायी नसतो, आणि त्याचा अन्याय हा कवितेचा भाग आहे.

स्वतः ब्राउनिंग १८४६ साली विवाहानंतर पत्नीसह त्याच खरबुजाच्या भूमीत राहावयास गेला आणि १८६१ मध्ये फ्लॉरेन्स येथे तिचे निधन होईपर्यंत तेथेच राहिला. १८८९ मध्ये त्याला मरणही व्हेनिसमध्ये आले. 'मेन अँड विमेन' या १८५५ च्या संग्रहात तर त्याने इटलीवरील प्रेम उघडपणे गायिले. यावरून पहिली कविता खोटी ठरवण्याची घाई करू नये. एप्रिलसाठी झुरणारा माणूस परत जाण्याची तिकिटे काढतोच असे नाही.

आता इंग्लंडातही तो एप्रिल उरलेला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस परदेशातून आलेल्या लाकडाबरोबर डच एल्म रोगाचा उग्र प्रकार तेथे पोहोचला आणि ब्रिटनमधील अडीच कोटींहून अधिक एल्म वृक्ष मेले. मुळांतून फुटवे येतात, काही वर्षे वाढतात आणि खोड जाड झाले की रोग पसरवणारे भुंगेरे त्यांनाही गाठतात. त्यामुळे कुंपणाकुंपणांतून दिसतो तो बहुधा एल्मचा झुडपी फुटवाच. ब्राउनिंगने बुंध्याभोवती पाहिला होता तो हाच. फक्त मध्ये बुंधा नाही.