फ्रेंच आगळ

मद्यासंबंधी लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात बाटली म्हणजे खोकल्याच्या औषधाची, नाहीतर खोबरेल तेलाची. पण मराठी माणूस अधिकार नसलेल्या विषयावरच अधिक मोकळेपणानं लिहितो, आणि ही परंपरा मोडणारा मी कोण?

त्याचं असं झालं. आमचा भाचा नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये ल्यों शहरी असतो. यंदाच्या मे महिन्यात तोंडवलीला आला तो तांबड्या वाईनच्या दोन बाटल्या घेऊन. ‘कोत द्यु रोन’ हे तिचं नाव. ऱ्होन नदी ल्योंवरून खाली आविन्योंकडे वाहत जाते, तिच्या काठच्या मळ्यांतली ही वाईन. एका जातीच्या द्राक्षाची नव्हे, मिश्र. ग्रनाश नावाचं द्राक्ष गोडवा आणि अंगातली ऊब देतं, सिरा रंग आणि मिऱ्यांचा झटका देतं. थोडक्यात, एक सासूबाई आणि एक सूनबाई एकाच हंड्यात.

“मामा, वाईन अगदी तरुण आहे. चव घ्या आणि शंभरपैकी मार्क द्या,” असं म्हणून एक छापील कागद माझ्या हाती देऊन भाचा सासुरवाडीला निघून गेला.

आता या शंभर मार्कांची गंमत ऐका. रॉबर्ट पार्कर नावाच्या एका अमेरिकन वकिलानं 1978 साली वाईनवरचं नियतकालिक काढलं आणि ही पद्धत जगभर रूढ केली. तीत सुरुवातच पन्नासापासून होते. म्हणजे वाईन नुसती पेल्यात येऊन बसली की निम्मे मार्क खिशात! आमच्या वेळी ही सोय असती, तर मी गणितात तीनदा बसलो नसतो.

शास्त्राप्रमाणे तयारी केली. एक दिवसाचा सरकारी परवाना खिशात होता. तांबडी वाईन सोळा ते अठरा अंशांवर प्यावी, असं कागदावर होतं. तोंडवलीत मे महिन्यात सोळा अंश फक्त कंपासपेटीत सापडतात. शेवटी बाटली कळशीत घालून विहिरीत सोडली. बूच काढायचं यंत्र नव्हतं, ते मोठा स्क्रू आणि पक्कड यांवर भागवलं. नाजूक देठाच्या पेल्याऐवजी स्टीलचं फुलपात्र. पण स्टीलमध्ये रंग दिसेना, म्हणून देवघरातल्या निरांजनाची काच सोडून घरात होते नव्हते तेवढे काचेचे पेले धुंडाळले.

एवढ्यात पडवीतून भाऊकाका आले. वय वर्षं चौऱ्याऐंशी. पेला उजेडात धरून म्हणाले, “ह्या काय रे, सोलांचा आगळ?”

चूक त्यांची नव्हती. रंग अगदी कोकमाच्या आगळाचा. काठाशी मात्र जांभळी झाक. तीच तारुण्याची खूण. वय वाढलं की हा काठ विटकरी होत जातो. (माणसाचं केसांवरून कळतं, पण तिथं कलप असतो.)

मग वास. कागदावर लिहिलं होतं की, हिला ‘कासीस’चा, ज्येष्ठमधाचा आणि ‘गारीग’चा वास येतो. कासीस म्हणजे तिकडलं एक काळं आंबट फळ. ते माझ्या सात पिढ्यांत कोणी खाल्लेलं नाही. आता नाक खुपसून, न पाहिलेल्या फळाची आठवण मी काढायची कशी? पण कागदावर आहे म्हटल्यावर ‘येतोय, येतोय’ असं वाटायला लागलं. या बाबतीत मी एकटा नाही. 2001 साली बोर्दोच्या एका संशोधकानं चौपन्न विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये लाल रंग घालून दिला. ते वाईनशास्त्राचेच विद्यार्थी. त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केलं! आणि 1976 साली पॅरिसमध्ये लेबलं झाकून परीक्षा घेतली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या वाईनला पहिला नंबर दिला. डोळे उघडे असते तर हा अपघात घडला नसता.

म्हणून मी कागद उलटा ठेवला आणि पेला भाऊकाकांच्या हातात दिला.

भाऊकाकांबद्दल सांगायला हवं. आमच्या माडांची माडी निघायची, त्या काळात हा माणूस एका घोटात सांगायचा, की ही विहिरीकडच्या माडाची की खाडीकडच्या. पहाटेची गोड, दुपारची आंबूस, दुसऱ्या दिवशीची नुसती शिरका. मडक्याला चुना लावून आंबणं थांबवलंय, हेही त्यांच्या जिभेला कळायचं. त्यांना कोणी कागद दिला नाही आणि शंभरपैकी मार्कही विचारले नाहीत. पुढे माडावर चढणाऱ्याचे गुडघे गेले, त्याचे मुलगे मुंबईला गेले, आणि आता आमच्या माडांवर कोणी चढत नाही. त्यामुळे भाऊकाकांची जीभ गेली कित्येक वर्षं बिनकामाची आहे.

त्यांनी वास घेतला. डोळे मिटले. “करवंदा,” म्हणाले. “मिरी. आनि सड्यार ऊन तापला काय येता, तसो वास.”

मी कागद सुलटा करून पाहिला. गारीग म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं खडकाळ, तापलेलं, सुगंधी झुडपांचं रान. म्हणजे सडाच की! तिथली झुडपं निराळी, एवढंच.

घोट घेऊन ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “जीब पुसून घेता मेली. बोंडू खाल्ल्यासारखी.”

यालाच शास्त्रात टॅनिन म्हणतात. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून ते उतरतं, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंडाला तुरटी मारतं. काजूच्या बोंडात तेच, सुपारीत तेच. तरुण वाईनमध्ये ते दांडगाई करतं, वयानं निवतं. भाऊकाकांनी निकाल दिला, “वाईट नाय. पण पोर आसा. बाजारात धाडूची घाई केल्यांनी.”

मग जेवणाबरोबर परीक्षा झाली. बांगड्याचं तिखलं आणि ही वाईन यांचं अजिबात जमलं नाही. तोंडात लोखंडी कळशी धरल्यासारखं झालं, आणि मिरचीनं तुरटपणा दुप्पट चेकाळला. वाईनमधलं लोह माशाच्या चरबीशी भांडतं, असं जपानी संशोधकांनीही दाखवून दिलंय. कोंबडी-वड्यांबरोबर मात्र ती एकदम सासरी नांदायला लागली. चरबीनं तुरटपणा मऊ केला, मिऱ्यांशी मसाल्याची ओळख निघाली. तासभर उघडी राहिलेली उरली वाईन तर आणखी सुधारली. “आता वायच बोलाक लागली,” असं काका म्हणाले.

माझंही मत तेच पडलं. रंगाला आणि वासाला पूर्ण मार्क; तुरटपणाचे कापले; शेवट जरा आखूड, घोट गेला की आठवण फार रेंगाळत नाही. मालवणी माशांच्या घरात हिनं पाहुणी म्हणूनच यावं, आणि कोंबडीच्या दिवशी.

“काका, शंभरातले किती?”

“साठ दी.”

साठ म्हणजे पार्करच्या हिशेबात जवळजवळ नापास. पण भाऊकाका जुन्या मॅट्रिकचे. त्यांच्या लेखी साठ म्हणजे फर्स्ट क्लास, घरी पेढे. मी कागदावर साठ लिहिले आणि कासीस खोडून करवंद केलं. खाली परीक्षक म्हणून भाऊकाकांची सही घेतली. त्यांनी पूर्ण नाव घातलं, मुक्काम तोंडवली, तालुका मालवण. सही करताना चष्मा दोनदा पुसला.

दुसरी बाटली मी परत बांधायला घेतली, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली आणि आतल्या खोलीत भाताच्या कणगीत खोल खुपसून आले.

“रवांदे थंय. पुढल्या मे म्हयन्यात बघूया, तिका अक्कल इली काय ती.”

भाचा म्हणतो, असली वाईन चार-पाच वर्षं सहज टिकते. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी मनात काही हिशेब केला आणि म्हणाले, “मगे दरवर्षी वायच वायच चाखूक व्हयी. त्याका सांग, येताना चार हाड.”