मण्यांची माळ

युद्धावरील नाटक म्हटले की तोफांचा गडगडाट आणि वीरांची भाषणे डोळ्यांपुढे येतात. जॉन पॅट्रिक या अमेरिकन नाटककाराच्या 'द हेस्टी हार्ट' या नाटकात यांपैकी काहीच नाही. सारे नाटक घडते ते आसाम-ब्रह्मदेश आघाडीच्या पिछाडीस असलेल्या एका ब्रिटिश लष्करी रुग्णालयात. पॅट्रिक स्वतः दुसऱ्या महायुद्धात रुग्णवाहिका-पथकात होते व त्या सेवेत हिंदुस्थान-ब्रह्मदेशापर्यंत आले होते. नाटक १९४५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. १९४९ साली त्यावर चित्रपट निघाला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांनी त्यात एका रुग्णाईत सैनिकाची भूमिका केली होती.

कथानक साधे आहे. लॅकलन हा स्कॉटिश सैनिक जखमी होऊन येतो. त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले आहे आणि उरलेले निकामी होत आहे. तो थोड्याच आठवड्यांचा सोबती. हे त्याला सांगायचे नाही, मात्र त्याच्याशी मैत्रीने वागायचे, असे इतर रुग्णांना बजावले जाते. लॅकलन हेकट आणि मानी आहे. कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत, हा त्याचा बाणा. हळूहळू तो विरघळतो, हसू लागतो. आणि मग त्याला सत्य कळते. आपल्याला मिळालेले प्रेम म्हणजे मरणाऱ्यावर केलेली दया होती, या विचाराने तो पेटून उठतो.

याच क्षणी ब्लॉसम पुढे होतो. हा आफ्रिकी सैनिक त्याच खोलीतला. त्याला इंग्रजी येत नाही. तो आपली मण्यांची माळ लॅकलनला देऊ करतो. लॅकलन ती झिडकारतो. नंतर त्याच्या ध्यानी येते की, ब्लॉसमला इंग्रजी कळतच नाही, म्हणजे आपल्या मरणाची वार्ताही त्याला कळलेली नाही. ती माळ दयेची नव्हे, निखळ स्नेहाची होती. तेथे त्याचा अहंकार गळून पडतो.

आमच्या मते नाटकाचे सारे सामर्थ्य या एका योजनेत आहे. ज्यांना भाषा येते ते सारे सत्य लपवितात. ज्याला भाषा येत नाही, त्याच्याच कृतीवर विश्वास ठेवता येतो.

तथापि दोन उणिवा सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. यँक, टॉमी, किवी यांना निदान त्यांच्या देशांवरून पडलेली नावे आहेत. ब्लॉसमला धड स्वतःचे नावही नाही. तोही घरापासून हजारो कोस दूर आजारी पडला आहे, पण त्याच्या दुःखाची विचारपूस नाटककार करीत नाही. गोऱ्या माणसाचे हृदयपरिवर्तन घडविणे, एवढेच काम त्याला नेमून दिले आहे. दुसरे असे की, जाणून केलेले प्रेम न जाणता केलेल्या प्रेमाहून हलके, असा समज नाटकाच्या कळसातून होऊ शकतो. तो आम्हांस मान्य नाही. यँक आणि परिचारिका मार्गारेट यांचा स्नेह आज्ञेतून सुरू झाला खरा, पण तो आज्ञेपाशी थांबला नाही. प्रभूच्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्यानेही जखमा पाहिल्या, मगच तो थांबला. दया आणि प्रेम यांत वैर नाही. वैर आहे ते दया आणि लपवाछपवी यांत.

आपल्या घरांतूनही गंभीर आजार रुग्णापासून लपविण्याची रीत आहे. रुग्णांच्या भेटीस जाताना, दारातच "फादर, त्यांना काही सांगू नका" असे आम्हांस कितीदा तरी विनविले गेले आहे. आत गेल्यावर रुग्णाच्या डोळ्यांत दिसते की त्याला सारे कळलेले आहे; एकाकी मात्र तो उगाच पडला आहे. शेवटी लॅकलनला मायदेशी जाण्याची मुभा असते, तरी तो त्या परक्यांतच राहणे पसंत करतो. कारण तेथे आता कोणी काही लपवीत नाही. वाचकहो, ही गोष्ट नाटकाबाहेरही खरी आहे.