उल्लेखबंदीचा नियम : ॲप स्टोअरच्या एका अटीची चिकित्सा

प्रस्तावना :
2013 मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि पालघर-बोईसर पट्ट्यातील विद्यार्थी, शिक्षक व तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार यांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाशी बांधला गेला. हे वेळापत्रक देणारे सचिन टेके यांचे ‘एम-इंडिकेटर’ अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींवर उपलब्ध आहे. मात्र ही साधी वस्तुस्थिती आयफोनवरील वर्णनात नमूद करण्यास नियमाची आडकाठी आहे. ॲपलच्या परीक्षण-नियमावलीतील कलम 2.3.10 अन्वये, मान्यताप्राप्त संवादी सुविधेचा अपवाद वगळता, ॲपमध्ये वा त्याच्या वर्णनात अन्य मोबाइल प्लॅटफॉर्मची नावे, चिन्हे व प्रतिमा निषिद्ध आहेत. प्रस्तुत लेखात या नियमाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

नियमाचा व्यवहार :
फेब्रुवारी 2010 मध्ये ‘फ्लॅश ऑफ जीनियस’ या शब्दसंग्रहविषयक ॲपच्या वर्णनातून, गूगलच्या अँड्रॉइड स्पर्धेत अंतिम फेरी गाठल्याचा उल्लेख काढावयास लावण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका डॅनिश प्रकाशकाचे अँड्रॉइडविषयक नियतकालिक नाकारले गेले. पहिल्या प्रसंगी सत्य विधान वगळले गेले, तर दुसऱ्या प्रसंगी विषयच त्याज्य ठरला.

समर्थन आणि त्याच्या मर्यादा :
दुकानदाराने आपल्या फळीवर शेजारच्या दुकानाची जाहिरात का लावू द्यावी, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु बोईसरच्या बाजारात एका दुकानी न मिळालेली माहिती दुसऱ्या दुकानी मिळते. भारतातील सामान्य आयफोनधारकास मात्र ॲप घेण्यासाठी हे एकच दुकान आहे. शिवाय ‘हे अन्यत्रही मिळते’ हे विधान स्पर्धकाची स्तुती नसून ग्राहकास दिलेली माहिती होय. व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 चे कलम 30 दुसऱ्याच्या चिन्हाचा प्रामाणिक उल्लेख मान्य करते. म्हणजे कायद्याने जे मोकळे ठेवले, ते खासगी नियमाने बंद केले आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला प्ले स्टोअरच्या देयक-धोरणाबद्दल 936.44 कोटी रुपयांचा दंड केला; पुढे अपिलात तो कमी झाला. तो वाद उल्लेखबंदीचा नव्हता. तथापि, विकासकाने स्वतःच्या ग्राहकाशी साधावयाच्या संवादावर बंधन नको, हे त्या आदेशातील तत्त्व येथेही लागू पडते.

निष्कर्ष :
ॲपचे वर्णन हा विकासकाचा वाचकाशी होणारा पहिला संवाद आहे. त्यातील असत्य रोखणे हा स्टोअरचा अधिकार होय. सत्य रोखणे हा अधिकाराचा अतिरेक होय. नियमाने जाहिरात आणि माहिती यांत भेद करणे आवश्यक आहे. वर्गात अँड्रॉइड व आयफोन दोन्ही बाळगणारे विद्यार्थी असतात. तोवर एखादे ॲप सुचविताना ते कोठे कोठे उपलब्ध आहे, हे प्राध्यापकांनीच सूचनाफलकावर लिहावे. स्टोअरने गाळलेले वाक्य लिहिण्यास महाविद्यालयास कोणतीही मनाई नाही.