चुकून आलेला प्रेक्षक: काळा घोडा ते राणीबाग

जुन्या शहरातली नवी कला हा आजचा विषय, आणि शहर आपलंच, मुंबई. आज आपण चित्रांबद्दल थोडं कमी आणि ती जिथे लागतात त्या जागांबद्दल थोडं जास्त बोलू. कारण मुंबईतली आजची कला बरीचशी जुन्या वास्तूंच्या पोटात राहते. अशा वास्तूत गॅलरी थाटली की उंच छत, लाकडी जिना, मोठ्या खिडक्या हे सगळं आयतं मिळतं. प्रश्न असा, की त्या वास्तूत पूर्वी येणारी माणसं आता येतात का?

गॅलरी जोखायची आमची कसोटी साधी आहे. तिथे चुकून आलेला प्रेक्षक दिसतो का? जाणकार येतातच, गिऱ्हाईकही येतं. पण जो दुसऱ्याच कामाला निघाला होता आणि आत शिरला, असा माणूस तिथे सापडतो का?

जहांगीर आर्ट गॅलरीपासून सुरुवात करू. १९५२ साली ती उभी राहिली, वास्तुरचना दुर्गा बाजपेयींची. दारावरचं ते लाटेसारखं काँक्रीटचं छत तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. त्या छताखाली लोक पाऊस टाळायला उभे राहतात, कुणाची तरी वाट बघतात, आणि मग 'चला, तेवढ्यात बघून येऊ' म्हणत आत जातात. बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसलेले असतात, म्हणजे गॅलरी दाराच्या आधीच सुरू झालेली असते. आत दालनं भाड्यानं मिळतात आणि प्रदर्शनं भराभर बदलतात, त्यामुळे दर्जा वरखाली होतो. समीक्षकांनी या गोष्टीवर पुष्कळ नाकं मुरडली आहेत, आणि त्यांचं निरीक्षण खोटं नाही. पण हा वरखालीपणा उघड्या दाराची किंमत आहे, आणि ती मोजण्यासारखी आहे, असं आम्हाला वाटतं.

याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. केमोल्ड हे नाव 'केमिकल' आणि 'मोल्डिंग' यांतून आलं, कारण गांधींचा मूळ धंदा चित्रांच्या फ्रेमांचा. भारतीय आधुनिक चित्रकलेचा मोठा भाग त्या लहानशा खोलीतून लोकांसमोर आला. खाली जहांगीर बघायला आलेला माणूस एक जिना चढला की थेट तिथे. २००७ साली ही गॅलरी फोर्टमध्ये, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेली आणि 'केमोल्ड प्रेस्कॉट रोड' झाली. गंमत बघा, त्या रस्त्याचं अधिकृत नाव तळवटकर मार्ग. जुनं नाव आता गॅलरीच्या पाटीवर जगतंय.

हे स्थलांतर चूक होतं असं आम्ही म्हणणार नाही. मोठी मांडणशिल्पं, व्हिडिओ यांना जागा लागते, आणि ती इथे आहे. फोर्ट-कुलाब्यातल्या इतर खासगी गॅलऱ्यांबद्दलही हेच म्हणता येईल. प्रवेश फुकट, कामं विचारपूर्वक निवडलेली. पण तिसऱ्या मजल्यावर चुकून कोण जाणार? खाली रखवालदार 'कुठे जायचंय?' विचारतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण ज्याला उत्तर माहीत नाही तो मागे फिरतो. वर गेलंच तर भिंतीवरचा मजकूर बहुधा फक्त इंग्रजीत. आणि नोकरदाराला सुट्टी रविवारी, तर बहुतेक खासगी गॅलऱ्या नेमक्या रविवारी बंद! फुकट असणं आणि खुलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता रस्ता ओलांडून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाऊ. हे मूळचं सर कावसजी जहांगीर सभागृह, १९११ सालचं, जॉर्ज विटेट यांनी रचलेलं. इथे सभा व्हायच्या, मैफली व्हायच्या. पुढे रोमी खोसला यांनी दर्शनी भाग राखून आतली रचना पूर्ण बदलली, एकावर एक अर्धगोल मजले केले, आणि १९९६ साली संग्रहालय उघडलं. चढत चढत बघण्यात एक लय आहे, हे मान्य. पण मोठ्या चित्रापासून चार पावलं मागे सरायचं म्हटलं तर पुष्कळदा कठडाच आडवा येतो. आणि सभागृह होतं त्याची आठवण आत फारशी उरलेली नाही.

ही आठवण का हवी, ते २०१९ साली दिसलं. प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती राहिली नाही, निर्णय दिल्लीहून होणार, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांना मध्येच थांबवून बरव्यांपुरतं बोलायला सांगण्यात आलं. जिथे शहर सभा भरवायचं, त्या छताखाली हे घडलं. भिंतीवर काय लागावं हे या शहरातल्या माणसांना विचारलं जाणार का, हा प्रश्न त्या संध्याकाळपुरता नव्हता.

आता भायखळ्याला जाऊ. ज्या पुतळ्यामुळे काळा घोडा हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ साली फोर्टातून हलवला गेला आणि राणीबागेत पोचला. त्याच्या शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली लोकांसाठी उघडलं ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजींचं नाव मिळालं. मांद्र्याचा हा डॉक्टर संग्रहालयाच्या उभारणीत पुढे होता. इमारत मोडकळीला आली होती. दुरुस्ती होऊन २००८ साली ती पुन्हा उघडली.

इथे आजच्या कलावंतांना जुन्या वस्तूंच्या मधोमध काम मांडायला बोलावलं गेलं. २०११ साली जितिश कल्लाट यांनी बांबूच्या परांचीसारखी एक रचना इथे उभी केली. तिच्या वाशांवर सीएसएमटीच्या इमारतीवरचे, एकमेकांना गिळणारे प्राणी कोरलेले होते. नुकत्याच दुरुस्त झालेल्या वास्तूत पुन्हा परांची! हे शहर कधीच पुरं होत नाही, ही गोष्ट त्या कामात होती, आणि ती तिथेच सर्वांत नीट कळत होती. पांढऱ्या भिंतीच्या गॅलरीत तेच काम निम्मं मुकं झालं असतं.

आणि प्रेक्षक? राणीबागेत पोरांना प्राणी दाखवायला आलेली कुटुंबं. मातीच्या छोट्या प्रतिकृती बघता बघता त्यांची गाठ आजच्या कलेशी पडते. 'हे काय आहे?' असं तिथे मोठ्यानं विचारायला कुणी लाजत नाही. आमच्या कसोटीला या चौघांत हीच जागा सर्वांत जास्त उतरते.

श्रोत्यांना एक विनंती. एखाद्या शनिवारी जहांगीरपासून निघा, दोन-तीन खासगी गॅलऱ्यांचे जिने चढा, मग सीएसएमटीहून गाडी पकडून भायखळ्याला उतरा. रखवालदारानं विचारलं तर 'चित्रं बघायला' म्हणा, तेवढं पुरतं. आत गेल्यावर मराठी मजकूर मागा. नसेल तर नाही म्हणतील; पण पाच-पन्नास जणांनी मागितला, तर कुणाला तरी तो लिहून घ्यावा लागेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.